आठशे बत्तीस नंबरची मतपत्रिका

महाडात गंगाधर भाट्यांच्या छापखान्यात काशीराम चौदा वर्षं कागद चिकटवत होता. त्यानं बांधलेल्या पॅडमधून पान आपण होऊन सुटलं, अशी तक्रार घेऊन या चौदा वर्षांत एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं. दवाखान्याचे केसपेपर, शाळांचे अर्ज, डाकबंगल्याच्या चिठ्ठ्या, सगळं त्याच्या शिकंज्यातून जायचं. शिकंजा म्हणजे सागाच्या दोन जाड फळ्या आणि त्यांना दोन्ही टोकांना लोखंडी मळसूत्रं. कागदाचे गठ्ठे मेजावर ठोकून सारखे करायचे, प्रत्येक पॅडाखाली पुठ्ठा घालून एकावर एक रचायचे, वरची फळी आवळायची आणि मग त्या घट्ट दाबलेल्या कडेवर गरम सरसाचा हात मारायचा. वर मलमलीची पट्टी, पुन्हा सरस. दुसऱ्या दिवशी फळ्या सैल करून पुठ्ठ्यापुठ्ठ्यावर सुरी चालवली की पॅडं सुटी.

ऐकायला सोपं. पण फळ्या आवळायच्या आधी काशीराम एक गोष्ट करायचा, तिच्यावर त्याची सगळी भिस्त होती. रचलेल्या कडेवरून तो डाव्या हाताचा अंगठा हळूच वरपासून खालपर्यंत फिरवायचा. एखादं पान सुताभर आत राहिलं तर डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला कळतं. आत राहिलेल्या पानाला सरस लागत नाही. ते दोन दिवस शेजाऱ्यांच्या आधारानं पॅडात बसून राहतं आणि तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी हातून निसटतं.

माणूस तसा घाबरट. घरून निघाल्यावर कुलूप लागलं का बघायला वाडीच्या कोपऱ्यावरून परत फिरणारा. पॅडातली पानं तो तीनदा मोजायचा. बायको सुंदराबाई म्हणायची, "तुमाला भाकरी वाढली तरी मोजून घेता." तो हसायचा, पण मोजायचा.

एकोणऐंशी सालच्या डिसेंबरात छापखान्यात एक वेगळंच काम आलं. खोऱ्यातल्या भातगिरणी सहकारी संस्थेची निवडणूक लागली होती आणि तिच्या बाराशे मतपत्रिका छापायच्या होत्या. गुलाबी जाड कागद, त्यावर कंदील, नांगर, छत्री अशी चिन्हं, प्रत्येक पानावर नंबर, पन्नास पानांचं एक अशी चोवीस पॅडं. मतदाराला पान फाडून दिल्यावर नंबराचा जो तुकडा पॅडात राहतो, त्या स्थळप्रतीच्या कडेला सरस लावायचा. निवडणूक अधिकाऱ्यांचे कारकून रघुवीर दळवी स्वतः येऊन बजावून गेले होते, "एक कागद इकडचा तिकडे झाला तर निवडणूक रद्द होईल आणि छापखान्याला टाळं लागेल."

काशीरामला हे काम त्या क्षणापासून नको झालं होतं. त्याला कारणंही दोन होती.

एक म्हणजे राखीव जागेवर उभा असलेला, पोलादपूरपलीकडच्या कापडं गावचा भागोजी हा त्याचा सख्खा मामेभाऊ. दुसरं कारण त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. डाव्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं. नखाच्या कडेला पू धरून अंगठा वांग्यासारखा सुजला होता. सुंदराबाईनं हळदतेलाची चिंधी बांधली होती. शनिवारी काम हातात आलं तेव्हा भाऊंना, म्हणजे गंगाधर भाट्यांना, सांगावं असं दहादा त्याच्या मनात आलं. पण भाऊंनी मागच्याच महिन्यात खेडच्या एका बायंडरचं नाव काढलं होतं. जवान पोरगा आहे, हात चालतो, असं काहीतरी. काशीराम गप्प बसला. चिंधीवरूनच त्यानं अंगठा कडेवरून फिरवला. काहीच कळलं नाही. उजवा फिरवून बघितला, तो बधिर असल्यासारखा परका वाटला. शेवटी डोळ्यांनी बघितलं, बरं वाटलं आणि त्यानं मळसूत्रं आवळली.

रविवारी पॅडं सुटी केली, पुन्हा मोजली, लोखंडी कपाटात ठेवली. चोवीस पॅडं, प्रत्येकी पन्नास. किल्ली भाऊंकडे.

मंगळवारी सकाळी अकराला दळवी आले आणि मेजावर बसून एकेक पॅड मोजू लागले. काशीराम शिकंज्यापाशी उभा राहून त्यांच्या ओठांकडे बघत होता. सोळा पॅडं झाली. सतराव्याला दळवींचं बोट थांबलं. त्यांनी थुंकी लावून पुन्हा मागं उलटलं.

"आठशे एकतीस," ते म्हणाले. "आणि मग आठशे तेहतीस."

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, लावला. त्यांनी मोजलं. मग काशीरामनं मोजलं. एकोणपन्नास.

कपाट रिकामं केलं. फळ्यांच्या फटींत सळई घालून बघितलं. टाइपाच्या खणांखाली, कागदाच्या रिमांमागे, सरसाच्या शेगडीतल्या राखेतसुद्धा बघितलं. आठशे बत्तीस कुठंच नव्हता.

"बांधणीचं काम कोणी केलं?" दळवींनी विचारलं.

"मी," काशीराम म्हणाला.

"एकट्यानं?"

"व्हय. एकट्यानं."

"कापड्याचा भागोजी तुझा कोण?"

"मामेभाऊ."

बाहेर ट्रेडल चालवणारा जानू मशीन थांबवून ऐकत होता. मग दळवी म्हणाले, "तुझी पिशवी बघू."

काशीरामनं खुंटीवरची पिशवी आणून मेजावर उपडी केली. डबा, पंचा, तंबाखूची चंची. दळवींनी डबा उघडायला लावला. भाकरी उचलून खाली बघितलं. काशीरामनं न सांगताच सदऱ्याचे खिसे उलटे केले. हे सगळं चाललेलं असताना त्याला दळवींचा राग आला नाही. तो भाऊंकडे बघत होता. भाऊ एक शब्द बोलतील, काशीराम तसला नाही इतकंच म्हणतील, म्हणून वाट बघत होता. भाऊ खिडकीतून रस्त्याकडे बघत होते.

"साहेब, ते पॅड जरा हातात देता?" शेवटी काशीराम म्हणाला.

त्यानं सतरावं पॅड उजेडाकडे धरून वाकवलं. आठशे एकतीस आणि तेहतीसच्या मधे सरसाचा थर अखंड, गुळगुळीत होता. पान ओढून काढलं असतं तर सरसाला कागदाचे तंतू चिकटून राहिले असते. इथं एकही तंतू नव्हता. म्हणजे पान कुणी काढलं नव्हतं. ते कधी चिकटलंच नव्हतं.

"साहेब, ह्ये कुणी फाडलेलं नाय. आपसूक निसटलंय."

"कागदाला पाय फुटले?"

"आत राहिलं आसंल. सरस लागला नसंल."

"चौदा वर्षांत तुझं एक पान सुटलं नाही, असं भाटेसाहेबच मला परवा सांगत होते. नेमकं मतपत्रिकेचंच कसं सुटलं?"

अंगठ्याचं सांगायची हीच वेळ होती. काशीरामनं डावा हात पाठीमागे घेतला. नोकरी जाईल ही भीती आणि चोर ठरू ही भीती, दोन्ही एकाच वेळी त्याच्या छातीवर बसल्या होत्या.

दळवींनी मुदत दिली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतची. तोवर कागद मिळाला नाही तर पोलिसांत जायचं. भाऊ फक्त म्हणाले, "आता तू घरी जा, काशीराम."

घरी त्यानं सुंदराबाईला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. त्यानं बोलणं संपवलं तेव्हा ती म्हणाली, "निसटलं तं जाईल कुठं? जिमिनीवरच पडंल ना?"

"जिमीन सगळी बघितली."

"आज बघितली. सोमवारी झाडली कुणी?"

काशीराम तिच्याकडे बघतच राहिला. रविवारी पॅडं कपाटात ठेवतानाच पान गळलं असणार. सोमवारी कालिंदीवहिनींनी, भाऊंच्या बायकोनं, छापखाना झाडून घेतला होता. कातरण, चुकलेल्या पत्रिका, जुने मुद्रितांचे कागद, सगळी रद्दी त्या एका गोणीत भरायच्या आणि दर सोमवारी महाडला माल भरायला येणारी आवडी ती गोणी पुड्या बांधायला घेऊन जायची. आवडीचं दुकान कापड्याच्या नाक्यावर होतं.

कापडं. भागोजीचं गाव.

"नका जाऊ," सुंदराबाई लगेच म्हणाली. तिलाही तेच सुचलं होतं. "तिथं मिळाला तं म्हणतील, भावाकडंच पोचवला व्हता."

"आन् नाय गेलो तं?"

तिनं फक्त त्याच्या अंगठ्याची चिंधी सोडून नवी बांधली.

बुधवारी पहाटेच्या पहिल्या एस.टी.नं तो निघाला. पोलादपूरला गाडी बराच वेळ थांबली. ड्रायव्हर चहा प्यायला उतरला, तसा काशीराम खिडकीतून मान काढून बघत राहिला. हॉटेलच्या फळीवर कुणीतरी कागदात भजी खात होतं. त्या कागदाचा रंग त्याला गुलाबी वाटला. तो गाडीतून उतरून धावत गेला. कागद लाल शाईचा तेलकट मासिकाचा होता. खाणारा माणूस त्याच्याकडे विचित्र नजरेनं बघत राहिला. गाडी पुढे निघाल्यावर तो मनातल्या मनात हिशेब करत होता की दोन दिवसांत आवडीनं किती पुड्या बांधल्या असतील. शेंगदाण्याच्या पुडीतून तो कागद कुठल्या वाडीवर गेला असेल, कुणी चुलीत घातला असेल.

कापड्याला उतरला तेव्हा आवडी दुकानाची फळी काढत होती. ती चाळिशीची, एकटी, मोठ्या आवाजाची बाई. काशीरामला ती ओळखत होती.

"काशीदादा? आज हिकडं कसा रे?"

"आवडे, सोमवारची गोणी कुठं हाय?"

"ती काय. अर्धी संपली."

"ती जिमिनीवर पालथी कर. मी हात लावनार नाय, तूच कर."

त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, आवडीनं कारण विचारलं नाही. तिनं गोणी पालथी केली. लग्नपत्रिका, पट्ट्या, केसपेपर. काशीराम उकिडवा बसून बघत होता. गुलाबी काही नव्हतं. तो तसाच बसून राहिला.

"काय शोधतोस तरी काय?"

"गुलाबी कागद. जाडसा. कंदिलाचं चित्र हाय."

"आगाई, त्यो होय!" आवडी म्हणाली. "चांगला कोरा करकरीत व्हता, पुडीला कशाला फाडू? बरनीत खाली घातलाय, गोळ्या चिकटत व्हत्या म्हनून."

फळीवर लिंबाच्या गोळ्यांची काचेची बरणी होती. काशीराम गुडघ्यांवर बसला आणि बरणीच्या तळाकडे खालून बघितलं. काचेतून, थोडे वाकडे, पण स्पष्ट आकडे दिसले. आठ, तीन, दोन.

आवडी झाकण काढायला गेली तसा तो ओरडला, "नको! हात नको लावू!"

तिचा हात हवेतच राहिला.

काशीराम घाबरट होता म्हणूनच त्याला ते सुचलं असेल. रात्रभर वाईटात वाईट काय होईल याचाच तो विचार करत आला होता. कागद खिशात घालून महाडला नेला, तर दळवी म्हणतील, काल नव्हता आणि आज सापडला? खिशातच होता म्हण की. कागद जिथं आहे तिथंच त्यांच्या डोळ्यांना दिसला पाहिजे आणि तोपर्यंत त्याला कुणाचा हात लागता कामा नये. त्याचा तर नाहीच नाही.

आवडीच्या पाटीपेन्सिलीच्या डब्यातली शिसपेन्सिल घेऊन त्यानं एका केसपेपराच्या पाठीवर लिहिलं: भाऊ, ८३२ सापडला. मी हात लावला नाही. दळवी साहेबांना घेऊन आवडीच्या दुकानी या. वरून महाडकडे जाणारी गाडी आली तेव्हा त्यानं रस्त्यात आडवं उभं राहून ती थांबवली. कंडक्टरनं चिठ्ठी वाचली, त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि छापखान्यात देतो म्हणाला.

मग तो बरणीसमोर बसला.

दहाच्या सुमारास शाळेच्या मास्तरीणबाई, अनुपमा साठे, खडू घ्यायला आल्या. त्या महाडच्याच, खोली करून कापड्यात राहणाऱ्या. काशीरामनं त्यांना सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यानं अंगठ्याचंही सांगून टाकलं. ते तोंडातून कसं निघालं हे त्यालाही कळलं नाही. बाईंनी बरणी खालून बघितली, घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "मला शाळा सोडून दिवसभर बसता येणार नाही. पण झाकणावर सही करून जाते."

कागदाची पट्टी कापली. चिकटवायला काय, म्हणून बाई इकडेतिकडे बघू लागल्या. काशीराम म्हणाला, "आवडे, शिळा भात हाय का?" त्यानं चार शितं बोटांवर चुरडून त्याचा लगदा केला, पट्टीला लावला आणि झाकणावरून काचेवर आणून दाबून धरली. बाईंनी पट्टीवर तारीख, वेळ आणि सही घातली. आवडीनं अंगठा उठवला.

बाई गेल्या. वाडीवर बातमी पसरायला तेवढा वेळ पुरला. पोरं गोळ्या मागायला आली आणि आवडीनं त्यांना हाकललं. आणि बारा वाजता भागोजी आला.

"जयभीम, दादा."

"जयभीम."

भागोजी तिशीतला, उंच, खादीचा सदरा घातलेला. महिनाभर पायी वाड्यावाड्या फिरून त्याचे गाल बसले होते. तो फळीवर टेकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दादा, ह्यो कागद कापड्यात सापडला असं पंचनाम्यात लिवलं तं माजं काय व्हईल?"

काशीरामनं पट्टीची कडा दाबून बघितली.

"समोरचे म्हनतील, भागोजीनं भावाकडून मतपत्रिका काढली. चार दिवस राह्यलेत मतदानाला. कुनाकुनाला समजावू मी?"

"तू काय केलं नाय. खरं सांगायचं."

"खऱ्याला चार दिवस पुरतात?" भागोजीनं बरणीवर हात ठेवला. "एक कागद. चुलीत घालू. सापडलाच नाय. छापताना नंबर चुकला म्हनून सांग. मशीन चुकतं का नाय?"

मशीन चुकतं. काशीरामला ते ठाऊक होतं. तसं सांगितलं असतं तर जानूवर आलं असतं, कारण नंबर त्यानं टाकले होते. आणि कागद जळाला असता तर काशीराम ती उलटी केलेली पिशवी घेऊन जन्मभर महाडात फिरला असता. त्यानं बरणी दोन्ही हातांनी धरली. अंगठ्यातून कळ मस्तकात गेली.

"भागू, हात काढ."

"मी तुजा भाऊ हाय, दादा."

"हायस. म्हनूनच सांगतो, हात काढ. उद्या म्हनतील, पट्टी फाटली कशी."

भागोजीचे डोळे भरून आले की रागानं लाल झाले, काशीरामला कळलं नाही. तो उभा राहिला. "तुजी अब्रू तेवढी अब्रू," इतकं म्हणाला आणि निघून गेला. आवडीनं काशीरामला पाणी दिलं.

दोन वाजले. तीन वाजले. गाड्या येत होत्या, जात होत्या, भाऊ येत नव्हते. चिठ्ठी पोचली नसेल. पोचली असेल आणि भाऊंनी वाचून बाजूला ठेवली असेल. दळवी थेट पोलिसांकडे गेले असतील. भागोजी चार माणसं घेऊन परत येईल. शिताची खळ वाळून पट्टी सुटेल. दर थोड्या वेळानं तो पट्टीची कडा दाबून बघत होता.

साडेचारला जीप आली. भाऊ पुढे बसले होते, दळवी मागे. अनुपमाबाई शाळा सोडून धावत आल्या. दळवींनी बरणी न उचलता खालून बघितली, पट्टीवरची सही बघितली आणि अनुपमाबाईंना दोन प्रश्न विचारले. मग पंच म्हणून बाई आणि गावचे पोस्टमनकाका, अशा दोघांसमोर झाकण काढून गोळ्या परातीत ओतल्या. गुलाबी कागद चिमट्यानं बाहेर काढला. साखरेनं जरा चिकट झाला होता, बाकी अखंड, स्थळप्रतीसकट.

दळवींनी आणलेलं सतरावं पॅड उघडलं. पान जागेवर ठेवून बघितलं. वरून सारखं, खालून सारखं, पण सरसाच्या कडेशी सुताभर आत. कापतानाच ते पान हलून आखूड कापलं गेलं होतं. पानाच्या कडेला सरसाचा ठिपकाही नव्हता.

"हे तुझ्या हाताला कळलं कसं नाही?" दळवींनी विचारलं. या वेळी त्यांचा आवाज निराळा होता.

काशीराम म्हणाला, "कळलं असतं, साहेब." आणि त्यानं चिंधी सोडून अंगठा पुढे केला. नख काळं पडलं होतं, बोट मनगटापर्यंत तांबडं. "शनिवारी सांगायला पायजे व्हतं. चूक माजी. चोरी नाय, पन चूक माजी."

भाऊ पुढे झाले आणि त्यांनी अंगठा बघितला. "अरे, हे तर वर चढलंय," ते म्हणाले. "हात जाईल तुझा. शनिवारी बोलला का नाहीस?"

काशीरामनं त्यांच्याकडे बघितलं. खेडच्या बायंडरचं नाव त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण तो बोलला ते दुसरंच. "भाऊ, मंगळवारी तुमीपन बोलला नाय."

दळवींनी मान खाली घालून पंचनामा लिहायला घेतला.

येताना जीप महाडात सरकारी दवाखान्याशी थांबली. डॉक्टरनं चीर देऊन पू काढला तोवर भाऊ बाहेर बाकावर बसून होते. घरी सोडताना वाडीच्या तोंडाशी ते म्हणाले, "मी बोलायला हवं होतं." काशीराम "व्हय" म्हणाला आणि उतरला.

आठशे बत्तीस नंबरवर रद्दचा शिक्का बसला, नोंद झाली आणि निवडणूक ठरल्या दिवशी झाली. भागोजी नऊ मतांनी पडला. कापड्यातल्या बरणीची गोष्ट तोवर खोऱ्यातल्या घराघरांत, ज्याच्या त्याच्या सोयीनं, पोचली होती. काशीराम त्याला भेटायला गेला, तेव्हा मामीनं दारातूनच सांगितलं, घरात नाय. आत त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता.

त्यानंतर काशीराम भाट्यांकडे पाच वर्षं राहिला. खेडचा बायंडर काही आला नाही. भाऊ त्याच्याशी पहिल्यापेक्षा जपून बोलत आणि ते जपून बोलणंच त्याला नकोसं होई. पंचाऐंशी साली त्यानं पोलादपूरच्या सुताराकडून स्वतःचा शिकंजा करून घेतला आणि एस.टी. स्टँडच्या मागे भाड्याची खोली घेतली. ग्रामपंचायतींची, शाळांची पॅडं मिळू लागली. सुंदराबाई पुठ्ठे कापू लागली. मतपत्रिकांचं काम एकदा चालून आलं होतं. त्यानं हात जोडून नको म्हटलं.

एका सकाळी तो गठ्ठा ठोकत असताना दारात भागोजी उभा होता. केस पिकले होते. काशीरामनं बाकावरचे कागद उचलून जागा केली. चहा आला, पिऊन झाला. कप खाली ठेवून भागोजी म्हणाला, "दादा, त्या कागदानं पडलो असं मी पाच-सहा वर्सं सांगत फिरलो."

"मला कळलं व्हतं."

"खरं तं तेवढ्यानं पडलो का नाय, मलाबी ठाव नाय."

"मलाबी नाय," काशीराम म्हणाला. "मी लई येळा ईचार केला."

"मग?"

"मग काय. परत तसंच झालं तं परत तुजा हात काढीन."

भागोजी हसला नाही, उठूनही गेला नाही. शिकंज्याची फळी एकट्यानं धरताना काशीरामची ओढाताण चालली होती. ती थोडा वेळ बघून तो बाकावरून उठला, पलीकडे जाऊन दुसरं मळसूत्र धरलं आणि विचारलं, "कोन्त्या बाजूला फिरवू?"